पहिलटकरणीची धास्ती: काळजीचा प्रश्न कसा करायचा

सातव्या आठवड्यात एका रात्री पावणेतीनला मला कपड्यावर तपकिरी डाग दिसला, नखाएवढा, आणि मी तिथेच बाथरूमच्या दारात उभी राहून फोनवर शोधायला लागले. पाच वाजेपर्यंत शोधत होते. पाय गार पडले होते, एक पान वाचून जरा धीर यायचा आणि पुढचं वाचलं की परत पोटात गोळा. नवऱ्याला उठवलं नाही कारण त्याला सकाळी लवकर निघायचं होतं. सकाळी डॉक्टरांना फोन लावला तर त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. रंग लाल आहे की तपकिरी, पॅड भिजतंय का, आणि पोटात एका बाजूला जोरात दुखतंय किंवा चक्कर येतेय का. तिन्हीची उत्तरं माझ्याकडे होती. म्हणाल्या दुपारी ये, बघूया. दुपारी सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले.

म्हणजे सव्वादोन तास मी एकटी ज्याच्याशी झुंजत होते ते योग्य माणसाला विचारल्यावर दोन मिनिटांत मार्गी लागलं. आणि समजा रक्त लालभडक असतं, एका बाजूला दुखत असतं, तर तेच सव्वादोन तास फोनवर घालवणं धोक्याचं होतं, तेव्हा लगेच हॉस्पिटल गाठायचं असतं.

तर पहिल्या खेपेला काळजी वाटणारच, ती वाटूच नये म्हणून धडपडू नकोस. पण जवळजवळ प्रत्येक काळजीचा एक नेमका प्रश्न करता येतो, आणि तो कुणाला विचारायचा हे ठरवता येतं. मला हे पाचव्या महिन्यात कुठे जमायला लागलं. तुला आधी जमावं म्हणून लिहितेय.

आधी शरीराचं बघ

छातीत धडधड, धाप लागणं, झोप उडणं, घाम, थकवा, ही घाबरल्याची लक्षणं आहेत असं आपल्याला वाटतं. पण गंमत नाही, खरंच, हीच सगळी गरोदरपणाचीही आहेत. शरीरातलं रक्त शेवटच्या महिन्यांपर्यंत जवळपास ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, हृदयाचे ठोके मिनिटाला १० ते २० जास्त पडतात, आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे श्वास नेहमीपेक्षा खोल आणि जास्त घेतला जातो म्हणून जिना न चढताही धाप लागल्यासारखं होतं. मग आपण बसल्या बसल्या धडधड जाणवली की घाबरतो, घाबरलो की धडधड अजून वाढते. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर तिसऱ्या महिन्यातले माझे कितीतरी दिवस बरे गेले असते.

म्हणून पहिलं काम, पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सरळ विचार की माझं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड कसं आहे. रक्त कमी असलं तरी धडधड आणि गळाल्यासारखं होतं, थायरॉइड जास्त चालत असला तरी हात थरथरणं, बेचैनी, झोप न येणं होतं. हे गोळीने आवाक्यात येणारं आहे, त्यासाठी मनाला दोष देत बसू नकोस.

आणि याची उलटी बाजूसुद्धा ध्यानात ठेव. वीस आठवड्यांनंतर न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं किंवा अंधुक दिसणं, बरगड्यांखाली दुखणं, चेहऱ्यावर हातांवर एकदम सूज, याला कुणी "टेन्शनमुळे होतंय" म्हटलं तरी ऐकायचं नाही, त्याच दिवशी बीपी तपासून घ्यायचं. तसंच अचानक छातीत दुखून श्वासच घेता येत नाही किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय, तर तेही तातडीचं आहे.

वहीची दोन पानं

एक साधी वही घे. फोनमध्ये नको, फोन उघडला की हात आपोआप शोधायला जातो. डावीकडच्या पानावर काळजी लिहायची, पण प्रश्न करून. उजवीकडे लिहायचं की उत्तर कोण देऊ शकेल, डॉक्टर, नवरा, मी स्वतः, की कुणीच नाही, नुसती वेळ.

ऐकायला सोपं वाटतं पण प्रश्न करणं हेच अवघड आहे. "बाळ ठीक असेल ना" हा प्रश्नच नाही, त्याचं उत्तर कुणीही देऊ शकत नाही आणि म्हणून तो दिवसभर भुंग्यासारखा डोकं पोखरतो. पण "१८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत काय काय बघतात आणि काय त्यात कळत नाही" याला उत्तर आहे, ते डॉक्टरांकडे आहे. "मला कळा सोसवतील का" याचं काय उत्तर देणार कुणी? "तुमच्याकडे वेदना कमी करायला काय काय मिळतं, आणि एपिड्यूरल, म्हणजे कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन, रात्री-अपरात्रीही मिळतं का" हे विचार. माझ्या वहीत एक ओळ होती, "मी चांगली आई होईन का," आणि ती चार पानांवर परत परत आली होती. एकदा तीच ओळ घेऊन बसले आणि स्वतःला विचारलं की म्हणजे नक्की कशाची भीती आहे, तर खाली निघालं की रात्री बाळ रडलं आणि मला काही सुचलं नाही तर. मग प्रश्न झाला, पहिले पंधरा दिवस रात्री माझ्यासोबत कोण असेल. तो नवऱ्यासाठीचा प्रश्न होता, आणि त्याच संध्याकाळी आम्ही तो सोडवला.

ज्यांच्यासमोर "कुणीच नाही, वेळ" असं लिहावं लागतं ते प्रश्न उरतातच, खोटं बोलणार नाही. त्यांच्यासाठी रोज वीस मिनिटं ठरवून दे, संध्याकाळची, झोपायच्या तोंडावर नाही. दिवसभरात काळजी डोकं वर काढेल तेव्हा एक शब्द वहीत टाकायचा आणि तिला सांगायचं की संध्याकाळी. संध्याकाळी बसायचं, मनसोक्त काळजी करायची, रडायचंय तर रडायचं, वेळ झाली की उठायचं. पहिले आठ-दहा दिवस हे जमत नाही आणि खुळेपणा वाटतो. नंतर कधीतरी संध्याकाळी वही उघडल्यावर सकाळचा शब्द वाचून तो एवढा मोठा का वाटला होता हेच आठवत नाही, तेव्हा समज की लागू पडतंय.

पहिले तीन महिने आणि ती एक भीती

मिसकॅरेजची. नाव घ्यायलाही जीव धजत नाही पण नाव घेतलेलं बरं. कळलेल्या गरोदरपणांपैकी साधारण १०० मागे १० ते २० टिकत नाहीत, त्यातली बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांत जातात, आणि जवळपास निम्म्यांत कारण गुणसूत्रांमधली गडबड असतं, जी गर्भ तयार होतानाच झालेली असते. ठोके दिसल्यावर ही शक्यता पुष्कळ कमी होते.

आता जे खरंच मनावर कोरून ठेवायचं ते, तू जिना चढलीस, बादली उचललीस, घरात भांडण झालं, ऑफिसात रडलीस, नवऱ्याजवळ गेलीस, म्हणून मिसकॅरेज होत नाही. ज्यांचं झालंय त्या बायका वर्षानुवर्षं आपण त्या दिवशी काय केलं हे आठवत बसतात आणि त्यांना हे कुणी सांगतच नाही.

"टेन्शन घेऊ नकोस, बाळावर परिणाम होतो" हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. बोलणारी माणसं मायेनेच बोलतात. पण ऐकणारीला काय होतं, आधी एक काळजी असते, मग काळजी वाटतेय याची काळजी. रोजच्या धास्तीने, एखाद्या रडून काढलेल्या रात्रीने बाळाचं काही बिघडत नाही. हा, महिनोन्‌महिने तीव्र चिंता किंवा डिप्रेशन अंगावर काढलं तर बाळ लवकर होण्याचा, वजन कमी भरण्याचा धोका थोडा वाढतो असं दिसलंय, पण त्याचा अर्थ उपचार घ्यावेत असा आहे, अपराधी वाटून घ्यावं असा नाही.

सोनोग्राफीच्या आधीचे दिवस

हे दिवस काढणं मला फार जड गेलं. आणि खोलीत गेल्यावर अजून. जेल लावलं, डॉक्टर स्क्रीनकडे बघत होत्या, टकटक बटणं दाबत होत्या आणि बोलतच नव्हत्या, चार मिनिटं असतील पण मी छताच्या ट्यूबकडे बघत मनातल्या मनात शेवटपर्यंत जाऊन आले. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते तिथे कळलं. त्या नुसतं डोकं, पोट, मांडीचं हाड मोजत होत्या, मोजताना बोललं तर चुकतं.

म्हणून आधीच सांगायचं, आत गेल्या गेल्या, "डॉक्टर, मला फार भीती वाटतेय, आधी ठोके दाखवा आणि मग मोजा, आणि गप्प असाल तर मोजताय असं सांगा." एवढं म्हटलं की बहुतेक डॉक्टर ऐकतात. पुढच्या वेळी मी हेच केलं आणि सबंध वेळ श्वास चालू होता.

घरी ठोके ऐकायचं मशीन घेऊ नकोस, माझं स्पष्ट मत आहे. ठोके सापडले नाहीत तर विनाकारण जीव जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे कधी आपल्याच नाडीचा आवाज बाळाचा समजून आपण निर्धास्त बसतो. हालचालीवर लक्ष ठेव. पहिल्या खेपेला ती साधारण विसाव्या आठवड्याच्या आसपास कळते, कुणाला सोळाव्यालाही, २४ आठवडे झाले तरी काहीच कळलं नाही तर डॉक्टरांना सांगायचं. पुढे बाळाची आपली एक लय ठरते, संध्याकाळी जास्त, दुपारी कमी, असं. ती लय मंदावली किंवा थांबली वाटलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी जायचं. दहादा जाऊन सगळं ठीक निघालं तरी अकराव्यांदा जायचं, तुला कुणी वेडी म्हणणार नाही आणि म्हटलं तरी म्हणू दे.

रात्र

रात्री सगळं दुप्पट मोठं दिसतं. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव, अलार्मसाठी साधं घड्याळ आण. चहा कॉफी मिळून कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेव, म्हणजे साध्या इन्स्टंट कॉफीचे ढोबळ दोन मग, आणि दुपारनंतर नकोच. वीसेक मिनिटं डोळ्याला डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात बस, कंटाळवाणं काहीतरी वाच, कपड्यांच्या घड्या घाल, झोप आली की परत जा. २८ आठवड्यांनंतर कुशीवर झोपायचं, डावी उजवी कुठलीही चालेल, जाग आल्यावर पाठीवर असलीस तर नुसती कुशीवर वळ. मी यावरूनसुद्धा दोन रात्री रडले होते म्हणून मुद्दाम सांगतेय.

आणि जीव घाबरा होऊन कासावीस झालं तर, उठून बस, पाय जमिनीला टेकव, पाठीला उशी. श्वास घेण्याकडे लक्ष नको, सोडण्याकडे दे. चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, ओठांचा चंबू करून गरम दूध फुंकल्यासारखं हळू. श्वास रोखून धरायचा नाही. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घे. असा झटका बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत टोकाला जाऊन उतरायला लागतो, तुला फक्त तेवढा वेळ सोबत करायचीय स्वतःला. हा श्वास दिवसा, बरं वाटत असताना रोज पाच मिनिटं करत जा, नाहीतर ऐनवेळी आठवत नाही.

दिवसा चालणं. आठवड्याला सगळं मिळून १५० मिनिटं, बोलता येईल इतक्या वेगाने, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर. यावर जास्त लिहीत नाही, सगळेच सांगतात, पण खरंच उपयोग होतो.

जे कुणी बोलत नाही

आनंदच होत नाहीये. हवंहवंसं मूल आहे, सगळे खूश आहेत आणि आपल्याला आतून काहीच वाटत नाही, किंवा नको होतं असं वाटतं. असं पुष्कळ जणींना होतं. त्यावरून तू कशी आई होणार हे ठरत नाही, काहींना माया बाळ हातात आल्यावर लागते आणि काहींना त्यानंतरही काही आठवडे जावे लागतात.

दुसरं, भयंकर विचार. पायऱ्यांवर उभी असताना पडले तर असं चित्र एकदम डोळ्यांपुढे येणं, सुरी हातात असताना काहीतरी भलतंच मनात येणं. हा विचार येतो आणि तुझ्या अंगावर काटा येतो, कारण तो तुला नको असतो. असे नकोसे विचार फार जणींना येतात. ते सारखे यायला लागले, ते घालवायला तू परत परत धुणं, तपासणं, मोजणं करायला लागलीस तर त्याला ओसीडी म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. डॉक्टरांना जसाच्या तसा विचार सांग, लाजू नकोस. पण स्वतःला संपवावंसं खरंच वाटत असेल, किंवा मनात तसं काही ठरत असेल, तर ही वेगळी गोष्ट आहे, त्या क्षणी कुणालातरी हाक मार, एकटी राहू नकोस, आणि त्याच दिवशी हॉस्पिटल किंवा हेल्पलाइन.

घरचे लोक

बाळंतपणाच्या भीतीदायक गोष्टी सांगणाऱ्या बायका भेटतातच. एक वाक्य पाठ करून ठेव, "माझं झाल्यावर निवांत ऐकते, आत्ता नको." हसून म्हण पण म्हण. सासूबाई किंवा आईला थेट बोलता येत नसेल तर नवऱ्याला बोलू दे, ते त्याचं काम आहे.

आणि नवऱ्याला मनातलं ओळखता येईल अशी वाट बघू नकोस. "मला बरं वाटत नाहीये" म्हटलं की तो औषध शोधतो. त्यापेक्षा सांग, "दहा मिनिटं नुसतं ऐक, उपाय सुचवू नकोस." आमच्याकडे तो "काळजी करू नकोस" म्हणायचा आणि मी गप्प व्हायचे, त्याला वाटायचं मिटलं. एकदा मी त्याच्यापुढे वहीच ठेवली. त्याने सगळी पानं वाचली, आणि मग हळूच म्हणाला की त्यालाही पैशांची आणि मला काही होईल याची भीती वाटते, दोन महिने. दहातल्या साधारण एका बापालाही या काळात डिप्रेशन येतं, तेव्हा त्यालाही विचार.

बाळंतपणाचीच अतोनात भीती असेल, इतकी की विषय निघाला तरी हात गार पडतात, तर त्याला टोकोफोबिया असं नावही आहे, आणि ती सातव्या महिन्याच्या आत डॉक्टरांपाशी बोलून टाक म्हणजे तयारीला वेळ मिळतो. लेबर रूममध्ये सतत सोबतीला माणूस असेल तर सिझेरियनचं प्रमाण कमी होतं आणि बाईला अनुभव कमी त्रासाचा वाटतो हे अभ्यासांतून दिसलेलं आहे, म्हणून कोण आत येऊ शकतं हे आधीच विचारून ठेव. आणि दिलेल्या तारखेला जीव टांगू नकोस, बरोबर त्या दिवशी १०० पैकी चार-पाचच बाळं येतात.

डॉक्टरांकडे मनाचं कधी न्यायचं

दोन आठवडे झाले, बहुतेक दिवस तेच, झोप नाही, जेवण जात नाही, काम होत नाही, घराबाहेर पडवत नाही किंवा तपासणीलाच जायची भीती वाटते, तर आता वहीचं काम संपलं, उपचारांचं सुरू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात साधारण १० टक्के गरोदर बायकांना आणि बाळंतपणानंतर १३ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, मुख्यतः डिप्रेशन. म्हणजे वेटिंग रूममध्ये दहा जणी बसल्या असतील तर त्यातली एक.

बोलायला तोंड उघडत नसेल तर म्हण, "माझी एडिनबर्ग स्केल भरून घ्या." ही १९८७ साली बाळंतिणींसाठी तयार केलेली दहा प्रश्नांची यादी आहे, गरोदरपणातही वापरतात, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं त्यावर टिक करायचं, एकूण ३० गुण. पाच मिनिटांत होते. यातून निदान होत नाही पण बोलणं सुरू होतं, आणि शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो, तो खरा भर.

उपचार म्हणजे लगेच गोळ्या असं नाही. सीबीटी नावाची बोलून करायची थेरपी असते, बऱ्याच जणींना तेवढी पुरते. गोळ्या लागल्या तरी गरोदरपणात वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या आहेत, सर्ट्रालिन त्यातली एक. आधीपासून गोळ्या चालू असतील तर दिवस गेल्याचं कळताच स्वतःच्या मनाने बंद करू नकोस, त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेट. फिट्ससाठी किंवा मूड सांभाळायला देतात ते व्हॅल्प्रोएट चालू असेल तर त्याच दिवशी फोन कर कारण ते बाळाला घातक ठरू शकतं, पण बंद करायचं ते त्यांच्या सांगण्यावरून. आणि तुला किंवा सख्ख्या नात्यात कुणाला बायपोलर, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी खोल उदासी असा आजार असेल, कुणाला बाळंतपणानंतर वेड्यासारखं झालं होतं अशी कुजबुज घरात असेल, तर ती गोष्ट पहिल्याच तपासणीला सांग. हजारात एक-दोघींना बाळंतपणानंतर तसा तीव्र आजार होतो आणि आधी माहीत असेल तर डॉक्टर त्याची तयारी ठेवतात.

शेवटचं पान

नवव्या महिन्यात वहीच्या शेवटच्या पानावर मी नवऱ्यासाठी लिहून ठेवलं. तिसऱ्या दिवसाच्या आसपास मी उगाच रडेन, ते बहुतेकींना होतं, दोन आठवड्यांत जातं, तेव्हा नुसता जवळ बस. दोन आठवड्यांनंतरही तसंच असेल तर हा डॉक्टरांचा नंबर. मी रात्र रात्र झोपले नाही आणि तरी थकवा नाही म्हणाले, भलतंच बोलायला लागले, नसलेलं ऐकू येतंय म्हणाले, तर वाट बघू नकोस, त्याच क्षणी घेऊन जा, बाळाजवळ मला एकटीला ठेवू नकोस. मी काही नाही, ठीक आहे म्हणाले तरी फोन कर. आणि खाली, तुला सकाळी लवकर निघायचं असलं तरी मी रात्री उठवणार आहे.

त्याने ते पान फाडून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.